टाळ्यांची भिशी

उंटाच्या लग्नात गाढवाने गावे, उंटाने त्याच्या गळ्याची आणि गाढवाने उंटाच्या रूपाची वाखाणणी करावी, ही गोष्ट संस्कृत सुभाषितकारांनी केव्हाच सांगून ठेविली आहे. नवे एवढेच की, आता या वाखाणणीला वेळापत्रक आले आहे. लिंक्डइन, इन्स्टाग्राम यांसारख्या समाजमाध्यमांवर व्यवसायाची प्रसिद्धी करणारी मंडळी व्हॉट्सॲप वा टेलिग्रामवर गट करतात. एकाने मजकूर टाकला की बाकीच्यांनी तासाभरात पसंती द्यावयाची, दोन ओळी कौतुकाच्या लिहावयाच्या. उद्या त्याने फेड करावयाची. आरंभीच्या प्रतिसादावरून मजकुराची योग्यता ताडणारी माध्यमाची यंत्रणा यामुळे फसते आणि तो मजकूर अनोळखी लोकांपुढे नेऊन ठेविते.

यात वाईट काय, असे पुष्कळ जण विचारतील. इर्जिकीत शेजारी एकमेकांच्या शेतात राबतात, भिशीत सारे वर्गणी भरतात, तसेच हे! परंतु इर्जिकीत शेत खरोखर नांगरले जाते आणि भिशीतला पैसा सभासदांचाच असतो. या गटात खर्ची पडतो तो वाचकाचा विश्वास. आणि वाचक गटाचा सभासद नसतो, असा गट आहे हेही त्यास ठाऊक नसते.

याची झळ कोठवर पोहोचू शकते हे पाहण्यास मध्य प्रदेशातील पांढुर्णा घ्यावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन हा जिल्हा झाला. मराठी बोलणारा, संत्र्यावर जगणारा हा मुलूख. बाहेरच्यांना पांढुर्ण्याची ओळख असते ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीत होणाऱ्या गोटमारीने. त्या रक्तबंबाळ प्रथेचे समर्थन आम्ही करणार नाही. पण तेथे पांढुर्ण्याचा कोण आणि सावरगावचा कोण, हे काठावरून दिसते तरी. संत्र्याच्या कलमाचे तसे नाही. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेले कलम फळावर येण्यास चार-पाच वर्षे लागतात. डोळा कोणत्या मातृवृक्षाचा, मुळाशी डिंक्याची बुरशी आहे की काय, हे पानांवरून कळत नाही. मानकुरादचे कलम घेणाऱ्या गोमंतकीयास हे सांगावयास नको. शेतकरी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबतो. पूर्वी तो शब्द शेजाऱ्याचा असे आणि त्याची बाग बांधावरून दिसे. आता एखाद्या रोपवाटिकेच्या वा फळबाग-सल्लागाराच्या मजकुराखाली संत्र्याचे झाड कधी न पाहिलेल्या साठ जणांनी ठरवून ‘उत्तम माहिती’ असे लिहिले, तर पाचव्या वर्षी बुडणारी जमीन, पाणी आणि कर्ज त्यांपैकी कोणाचेही नसणार.

लिंक्डइनच्या नियमांत कृत्रिम प्रतिसाद निषिद्ध आहे. इन्स्टाग्रामसाठी चालणारे असे काही मोठे गट फेसबुकने २०१८ साली बंद केले; धंदा थांबला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्या नामवंतांना व समाजमाध्यमांवरील प्रभावी मंडळींना तो संबंध उघड करण्याचे बंधन सांगितले. पसंतीच्या बदल्यात पसंती हाही मोबदलाच आहे, असे आमचे मत आहे.

लहान गावातील प्रामाणिक व्यावसायिकाची अडचण मात्र खरी आहे. त्याच्यापाशी जाहिरातीस पैसा नाही, मोठ्या शहरात ओळख नाही. गटात न शिरावे तर त्याचा मजकूर तळाशी जातो. शिरावे तर ज्यांना कलम घ्यावयाचेच नाही त्यांच्या टाळ्या मिळतात, गिऱ्हाईक नव्हे! त्याने आपल्या मजकुरात मातृवृक्षाची नोंद द्यावी, पाच वर्षांपूर्वी विकलेली कलमे आज कोणत्या बागेत उभी आहेत त्याचा पत्ता मालकाच्या संमतीने द्यावा. नव्या जिल्ह्याच्या उद्यान खात्याने नोंदणीकृत रोपवाटिकांची यादी मराठीतही गावोगाव लावावी. रोगमुक्त कलमे तयार करणारी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपुरास आहे आणि पांढुर्ण्याहून नागपूर रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहे.