विश्लेषण : एकाच घरात एकाला सर्दी, दुसऱ्याला ऑक्सिजन, जनुके किती जबाबदार?

राज्यातील पहिला ओमायक्रॉन रुग्ण डिसेंबर २०२१ मध्ये कल्याण-डोंबिवलीत सापडला. दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या या तरुणाने लस घेतली नव्हती, तरी आजार सौम्य राहिला. त्याआधी काही महिने, दुसऱ्या लाटेत, याच ठाणे-कल्याण पट्ट्यात नातेवाईक खाटेसाठी वणवण फिरत होते. एकाच घरात एकाला नुसती सर्दी आणि दुसऱ्याला ऑक्सिजन, हे अनेकांनी पाहिले. ‘त्याची इम्युनिटी चांगली’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. ते अर्धवट आहे.

प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली?

तसे नाही. विषाणू शिरताच पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडतात आणि शेजारच्या पेशींना सावध करतात. हा इशारा वेळेत मिळाला तर आजार आटोक्यात राहतो. उशीर झाला तर विषाणू फोफावतो. मग उशिरा जागी झालेली यंत्रणा दाहाचा असा भडका उडवते की फुप्फुसांनाच इजा होते. २०२० मधील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे १० टक्के अत्यवस्थ रुग्णांच्या रक्तात स्वतःचेच इंटरफेरॉन निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. म्हणजे जोरापेक्षा वेळ आणि तोल महत्त्वाचा. ‘इम्युनिटी बूस्टर’च्या बाटलीत तो मिळत नाही.

जनुकांचा वाटा किती?

वाटा आहे. एचएलए जनुकांचा एक विशिष्ट प्रकार असलेल्या अनेकांना संसर्ग होऊनही लक्षणे दिसली नाहीत, असे २०२३ मध्ये समोर आले. त्याआधी, २०२० मध्ये, ह्युगो झेबर्ग आणि स्वान्ते पाबो यांनी निअँडरथल मानवाकडून आलेला, गंभीर कोविडशी निगडित जनुकीय तुकडा दाखवून दिला. तो युरोपात सुमारे १६ टक्के, तर दक्षिण आशियात जवळपास ५० टक्के लोकांत आहे. मात्र हैदराबादच्या सीसीएमबीसह भारतीय संशोधकांना २०२१ मध्ये दक्षिण आशियाई लोकसमूहांत तसा संबंध आढळला नाही. युरोपातील निष्कर्ष इथे डोळे झाकून लावता येत नाहीत. म्हणूनच १० हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जमवणारा ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प मोलाचा आहे.

मग आपल्या हातात काय?

डोंबिवलीच्या त्या रुग्णावरून ‘लस नको’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. तो तरुण होता आणि ओमायक्रॉन डेल्टापेक्षा सरासरीने सौम्य होता. लस प्रतिकारयंत्रणेला विषाणूची आधीच ओळख करून देते, त्यामुळे ती वेळेत जागी होते. जनुके आणि वय बदलता येत नाही. मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे, ज्येष्ठांचे लसीकरण आणि वेळेवर मिळणारा ऑक्सिजन मात्र आपल्या हातात आहे. कळव्यापासून कल्याणपर्यंत पालिका रुग्णालयांत त्याची तयारी पुढच्या साथीआधीच हवी. जनुकांच्या नावाखाली सगळे नशिबावर ढकलले, तर त्या तयारीचा जाब कोणी विचारणारच नाही.