सजद्यात डोके दुखते तेव्हा

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होते, केमो संपते, केस परत येतात आणि घरात शुकराना अदा केला जातो. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी बाईचे डोके दुखू लागले, तर आपण जवळची कारणे शोधतो: रोजा होता, ऊन लागले, चष्म्याचा नंबर वाढला. पुष्कळदा ते खरेही असते. पण ज्या भगिनीला हा कर्करोग होऊन गेला आहे, तिच्या नव्या डोकेदुखीकडे वेगळ्या नजरेने पाहावे, असे आम्हाला वाटते.

वर्गात मेंदू शिकवताना आम्ही उकडलेले अंडे दाखवतो. कवचाखाली पातळ पापुद्रा असतो, तशीच आवरणे मेंदू आणि मज्जारज्जूवर असतात. आतल्या दोन आवरणांमध्ये पाण्यासारखा द्रव फिरतो, साधारण १५० मिलिलिटर, म्हणजे कपभर. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी कधी कधी या द्रवात शिरतात आणि मेंदूपासून कमरेपर्यंत कुठेही चिकटतात. रोग शरीरात पसरलेल्या शंभर जणींपैकी साधारण पाच जणींना हे होते. रक्तातली अनेक औषधे तिथवर पोहोचत नाहीत, म्हणून बाकीचे शरीर ठीक असतानाही इथे रोग वाढू शकतो.

याची डोकेदुखी सकाळी उठताना जास्त असते. रुकू-सजद्यात वाकले की वाढते, सोबत उलटी होते. एकाच्या दोन वस्तू दिसणे, तोंड वाकडे होणे, ऐकू कमी येणे, पायातली ताकद जाणे, फिट येणे, हीही लक्षणे आहेत. लघवीवरचा ताबा जातो, पण ते बाई जावेलाही सांगत नाही. कधी बोलणे-वागणे बदलते. मग कुणीतरी 'असर' आहे म्हणते आणि आमिलाकडे फेऱ्या सुरू होतात. दुआ जरूर करावी, पण दवाखाना थांबवू नये. उपचार न झाल्यास हा आजार चार ते सहा आठवड्यांत जीव घेऊ शकतो.

म्हणून गोळी घेऊन वाट पाहू नये. जिथे कर्करोगाचा उपचार झाला तिथेच जुनी फाइल घेऊन जावे. आपल्या भुईगावच्या अनेक घरांसाठी ती वाट म्हणजे वसई रोडहून लोकलने दादर आणि पुढे परळचे टाटा स्मारक रुग्णालय, जे १९४१ पासून हेच काम करीत आहे. साध्या सीटी स्कॅनमध्ये हा रोग अनेकदा दिसत नाही. मेंदू आणि पाठीच्या कण्याचा एमआरआय लागतो, आणि कमरेतून सुईने पाणी काढून तपासतात. या सुईने पाय जातात अशी भीती बायकांना असते. ही सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात. पहिल्या नमुन्यात पेशी सापडल्या नाहीत तर पुन्हा पाणी काढावे लागते.

उपचारात शेक देतात, द्रवात थेट औषध सोडतात, रोगाच्या प्रकारानुसार गोळ्या-इंजेक्शनेही देतात. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मेंदू आणि पूर्ण कण्याला प्रोटॉन किरण दिलेले रुग्ण सरासरी दहा महिन्यांच्या आसपास जगले, नेहमीचा शेक घेतलेले सहा महिने. टाटा स्मारकाच्या खारघर केंद्रातही आता प्रोटॉन यंत्र आहे. ते प्रत्येकीला लागू पडेलच असे नाही, पण डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

हा आजार आज मुळापासून बरा होत नाही, आणि हे तिच्यापासून लपवू नये. मुलीचा निकाह, वसीयत, कुणाची माफी मागायची असेल ती, या गोष्टी तिने स्वतः ठरवायच्या आहेत. वेळेवर उपचार झाले तर त्यासाठी शुद्ध आणि सवड मिळते. वेदनेवर मॉर्फिन आहे, ते मागण्यात कमीपणा नाही. वाकता येत नसेल तर बसून किंवा इशाऱ्याने नमाज होते.

तेव्हा भगिनींनो, घरात, शेजारात या आजारातून उठलेली कुणी असेल तर तिला आज एवढेच विचारा: सजद्यात डोके दुखते का? ती हो म्हणाली, तर उद्या सकाळी तिच्यासोबत फाइल घेऊन निघा.