डॉक्टरांच्या गाडीतलं सामान सोसायटीने घ्यावं



गेल्या हंगामात आपल्या जेटीवर एका खलाशाचा हात विंचच्या दोरात सापडला. 108 ला लगेच फोन केला. पण आधी पोचले ते गावातले डॉक्टर, स्वतःच्या गाडीने. बॅगेत बीपीचं मशीन आणि थोडं बँडेज. रक्त थांबवायला शेवटी टॉवेल आवळला. तुटलेलं बोट आपल्याच माणसाने घाईत थेट बर्फात टाकलं. तसं करायचं नसतं. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घालायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. माणूस बांबोळीला पोचला, वाचला. बोट मात्र गेलं.

म्हणून आमचं मत आहे की डॉक्टरांच्या गाडीत लागणारं सामान सोसायटीने घेऊन द्यावं.

काही जण म्हणतील, 108 आहे ना? आहे, आणि पहिला फोन तिथेच करायचा. पण बुडालेल्याचा श्वास थांबला तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्यात जो जवळ आहे, तोच कामाचा.

डॉक्टरांशी आम्ही बोललो. ते तयार आहेत. यादी मोठी नाही: छोटा ऑक्सिजन सिलिंडर, श्वास देण्याची अँबू बॅग मोठ्यांची आणि मुलांची, घशातलं पाणी-उलटी ओढणारं सक्शन, रक्त थांबवणारा टूर्निकेट, हाड मोडल्यास बांधायच्या पट्ट्या आणि हृदयाला शॉक देणारं एईडी मशीन. जाळ्यात येणारा समुद्रसाप चावला तर आपल्याकडे मिळणारं सर्पदंशाचं इंजेक्शन उपयोगाचं नाही. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरशासाठी आहे. तिथे श्वास चालू ठेवून मोठं हॉस्पिटल गाठणं, एवढंच आपल्या हातात.

दुसरा प्रश्न येईल, डॉक्टर फी घेतात, मग खर्च आपण का करायचा? सामान सोसायटीच्या मालकीचं राहील. आणि पहाटे तीनला जेटीवर धावत येतात, त्याची फी कोणी दिली आहे का?

खरं काम आहे ते सांभाळायचं. खाऱ्या हवेत सगळं गंजतं, उन्हातल्या गाडीत औषधं खराब होतात, एईडीच्या पॅडना मुदत असते. म्हणून औषधांची बॅग घरात, निघताना गाडीत. सिलिंडर पट्ट्याने घट्ट बांधलेला. दर महिन्याला तपासणी आणि वहीत सही. दर्यात जाण्याआधी इंजिन बघतो, तसंच हे.

1 जून ते 31 जुलै बंदीत जाळी विणायची असतात, पण त्यातले दोन दिवस काढा. प्रत्येक बोटीवरच्या दोघांनी छाती दाबून श्वास द्यायला शिकावं.

आपले कितीतरी खलाशी ओडिशा, झारखंडातून येतात. त्यांच्या घरचं इथे कोणी नाही. त्यांच्यासाठी धावायचं ते आपणच.

येत्या आमसभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. विरोध असेल तर तिथे बोला, पण या.