काळ्या शर्टावरच्या पांढऱ्या रेघा

एका वाचक भगिनीनं पत्रात दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला सोपा. कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या काळ्या टी-शर्टवर लाटांसारख्या पांढऱ्या रेघा छापल्या आहेत, त्या दोन धुण्यांतच तडकायला लागल्या. तर बाई, शर्ट उलटा करून गार पाण्यात धुवा. ब्रश मारू नका, करकचून पिळू नका. वाळवायचा तोही उलटा आणि सावलीत. छापावरून इस्त्री फिरवायची नाही.

दुसरा प्रश्न असा, की "या रेघा ज्या रेकॉर्डवरच्या आहेत, तीच गाणी तो रात्रंदिवस ऐकतो. विहिरीतून आल्यासारखा आवाज, सगळं उदास. काळजी करू का?" याचं उत्तर जरा ऐसपैस द्यावं लागेल.

ही रेकॉर्ड 'अननोन प्लेझर्स'. इंग्लंडातल्या मँचेस्टर भागातल्या 'जॉय डिव्हिजन' या चार पोरांच्या रॉक संचाची पहिली मोठी रेकॉर्ड. १९७९ च्या एप्रिलमध्ये स्टॉकपोर्टच्या स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली आणि जूनमध्ये बाजारात आली. कंपनी 'फॅक्टरी', छोटी आणि स्वतंत्र. पहिल्या खेपेला १०,००० प्रती काढल्या, त्याही हातोहात खपल्या असं नाही.

गंमत म्हणजे ती सर्वांत आधी नावडली ती वाजवणाऱ्यांनाच! गिटारवाला बर्नार्ड समनर आणि बेसवाला पीटर हुक यांना हवा होता व्यासपीठावरचा दणका. निर्माता मार्टिन हॅनेटनं तो काढून टाकला आणि रिकाम्या घरात घुमावा तसा आवाज दिला. बाटली फुटल्याचा, लिफ्टचा, एवढंच काय, वेफर्स खाण्याचाही आवाज त्यानं त्यात घातला. दोघे नाराज झाले. हॅनेटनं केलं ते बरंच केलं, हे हुकनं पुढे मान्य केलं.

समीक्षकांनी मात्र रेकॉर्ड उचलून धरली. 'मेलडी मेकर', 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या संगीत साप्ताहिकांत कौतुक झालं. कौतुक कशाचं? त्या अंधाराचं, त्या एकटेपणाचं.

आता घरातली बाजू बघा. गाणी लिहिणारा आणि गाणारा इयन कर्टिस तेव्हा २२ वर्षांचा. लोकांना नोकरी मिळवून देणाऱ्या सरकारी कचेरीत काम करून पोट भरणारा. त्याच जानेवारीत त्याला अपस्माराचं, म्हणजे फिट्सचं निदान झालेलं. एप्रिलमध्ये मुलगी झाली. कार्यक्रमात कधी खरी फिट यायची आणि लोकांना वाटायचं, हा याचा नाचच! शब्दांचंही तसंच झालं. हा दुसऱ्या कुणाच्या मनातलं लिहितो आहे, असं आपण धरून चाललो, हे सोबत्यांनी पुढे सांगितलं. १८ मे १९८० ला, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, त्यानं जीवन संपवलं. वय २३. त्यानंतर, ऑगस्टमध्ये, ही रेकॉर्ड प्रथमच खपाच्या यादीत आली, ७१ व्या क्रमांकावर. पत्नी डेबोरानं आपली बाजू पुस्तकातून मांडली ती १९९५ साली.

म्हणून गाणी बंद करायची का? मुळीच नाही. लाखो मुलं ती ऐकतात आणि हसतखेळत जगतात. आपलं दुःख कुणीतरी नेमकं सांगितलं, याचाही आधार असतो. आपणही विरहाच्या गाण्यांवर डोळे पुसलेच की! रेकॉर्ड लपवलीत, तर मुलगा तुमच्यापासून लपेल.

लक्ष ठेवायचं ते गाण्यावर नाही, मुलावर. जेवण तुटलं का? झोप उडाली का? मित्र सुटले का? आवडत्या वस्तू उगाच वाटून टाकतो का? "मी नसलो तर बरं" असं बोलतो का? तसं असेल तर जवळ बसून सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का रे?" विचारल्यानं खूळ डोक्यात शिरतं ही समजूत खोटी आहे. डॉक्टरांकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आणि त्या रेघा? त्या एका स्पंदणाऱ्या ताऱ्याच्या रेडिओ लहरी. १९६७ साली केंब्रिजला शिकणाऱ्या जोसेलिन बेल या मुलीनं तो शोधला. मैलभर कागदी पट्ट्या तपासताना तिला एक बारीकशी वेडीवाकडी खूण दिसली. यंत्राचा दोष म्हणून सोडून न देता तिनं तिचा पिच्छा पुरवला. १९७४ चं नोबेल गेलं तिच्या मार्गदर्शकांना, तो विषय पुन्हा कधीतरी.

आज संध्याकाळी मुलाला एवढंच विचारा, "या रेघा कसल्या, ठाऊक आहे का रे?" तुम्हीच सांगा त्याला. मग म्हणावं, "लाव तुझी रेकॉर्ड, मी पण ऐकते." भाजी निवडता निवडता ऐकलीत तरी चालेल.