धावून जाणाऱ्यांच्या मनाचे काय?

२ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ तीन गाड्यांचा अपघात झाला आणि २९० हून अधिक प्रवासी दगावले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान त्या डब्यांतून मृतदेह काढत होते. त्यांना भेटून आल्यावर दलाचे तेव्हाचे महासंचालक अतुल करवाल यांनी जाहीरपणे सांगितले, की एका जवानाला पाणी पाहिले तरी रक्तच दिसते आणि दुसऱ्याची अन्नावरची वासना उडाली आहे. गणवेशातल्या माणसाच्या मनाची जखम वरिष्ठाने इतक्या उघडपणे बोलून दाखवावी, हे आपल्याकडे विरळाच. दलाने जवानांसाठी समुपदेशनही सुरू केले. मात्र १०८ रुग्णवाहिकेवरच्या तंत्रज्ञाच्या किंवा पालिकेच्या अग्निशमन जवानाच्या वाट्याला हे दुःख एकाच रात्रीत येत नाही, ते रोज थोडे थोडे येते. महामार्गावर सापडलेला जखमी मुलगा रुग्णालयात पोहोचवायचा, स्ट्रेचरवरचे रक्त पुसायचे, हातमोजे बदलायचे आणि पुढच्या फोनवर निघायचे. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे बहुतेक वेळा कळतही नाही.

या माणसांसाठी काही उभे करायचे तर ते बेंगळुरूत व्हायला हवे. ७ फेब्रुवारी १९८१ रोजी याच शहरात व्हीनस सर्कशीचा तंबू पेटला आणि ९२ जीव गेले, त्यात बहुसंख्य मुले होती. त्यांच्या नातलगांच्या शोकाचा अभ्यास इथल्याच निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी केला. पुढे १९९९ चे ओडिशातील चक्रीवादळ, २००१ चा गुजरातचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी या आपत्तींनंतर याच संस्थेने स्थानिक कार्यकर्त्यांना मानसिक आधाराचे प्रशिक्षण दिले. ज्याचे दुःख समजून घ्यायचे, त्याच्याच माणसांतून आधार देणारा घडवायचा, हा त्यामागचा विचार होता. तोच आता आपत्कालीन सेवांना लावावा, अशी आमची मागणी आहे.

कारण रुग्णवाहिकेत वर्षे काढलेला माणूस अनोळखी समुपदेशकापुढे सहसा तोंड उघडत नाही. ‘तुम्हाला काय कळणार’ हे त्याच्या ओठांवर असते, आणि ते अगदीच चूक नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी ३४३ जवान गमावलेल्या न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने म्हणूनच आपल्या समुपदेशन विभागात दलातलीच अनुभवी माणसे घेतली. आपल्याकडे मात्र असा माणूस पाठीच्या दुखण्याने किंवा रात्रपाळ्यांनी थकून नोकरी सोडतो, तेव्हा त्याच्यापुढे मानसोपचाराच्या क्षेत्राकडे नेणारी सरळ वाट नसते.

अर्थात नुसता अनुभव पुरेसा नाही. स्वतःची जखम भरलेली नसताना दुसऱ्याच्या जखमेला हात घालणे दोघांनाही महागात पडते. दुर्घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून बोलायला लावण्याची पद्धतही अभ्यासांत टिकलेली नाही. काहींना तिने अपायच केला. कधी बोलू द्यायचे, कधी नुसते सोबत बसायचे आणि कधी डॉक्टरकडे पाठवायचे, हे शिकावेच लागते, आणि शिकल्यावरही डोक्यावर तज्ज्ञाची देखरेख लागते.

कायद्याने अर्धे काम करून ठेवले आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय आयोग कायद्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञही आहेत आणि मानसिक आरोग्य साहाय्यकही. दोन्ही व्यवसाय एकाच छत्राखाली असताना एकातून दुसऱ्यात जाण्याचा सेतू अभ्यासक्रम आखायला अडचण कसली? आयोगाने तो आखावा, निम्हान्सने शिकवावा आणि कर्नाटक व महाराष्ट्र सरकारांनी शिक्षणाच्या काळात पगार चालू ठेवावा. घर चालवणारा माणूस बिनपगारी शिकायला येणार नाही.

१० ऑक्टोबर २०२२ पासून निम्हान्सच्या मार्गदर्शनाखाली १४४१६ क्रमांकाची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा चालते. लष्करी जवानांसाठी तिचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. लष्कराचे ताण वेगळे आहेत हे सरकारला पटले, ते योग्यच झाले. तसाच कक्ष अग्निशमन आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी उघडावा आणि तिथे फोन उचलायला याच सेवांतून आलेली, शिकून तयार झालेली माणसे बसवावीत. महाराष्ट्रात १०८ सेवा ठेक्याने चालते. ठेक्यावरच्या माणसाला मन मोकळे करण्यापेक्षा नोकरी जाण्याची भीती मोठी असते. म्हणून त्या कक्षात झालेले बोलणे मालकाच्या किंवा वरिष्ठाच्या कानावर जाणार नाही, ही हमी सेवेच्या करारातच लेखी असली पाहिजे.