अंगण खरंच वाकडं आहे

गणपती असो की कोजागरी, मंडळाच्या कार्यक्रमात चहाचा कप हातात आला की एक चर्चा हमखास रंगते: इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की नाही? कोणी म्हणतं, मँचेस्टरच्या वाटेत बंद पडली तर? कोणी म्हणतं, बॅटरी फोनसारखी दोन वर्षांत बसते. मग ज्याच्याकडे अशी गाडी असते तो खिशातून फोन काढून चार्जिंगचं बिल दाखवतो आणि बाकीचे गप्प होतात.

एक गोष्ट मात्र या चर्चेत क्वचितच निघते. बिल दाखवणाऱ्याच्या घरापुढे जवळजवळ नेहमीच स्वतःचा ड्राइव्हवे असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ब्रिटनमध्ये इलेक्ट्रिक गाडी सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्यातली मोठी अडचण आता गाडीची नाही, अंगणाची आहे. 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपण दुसऱ्यांच्या सबबींना लावतो. इथे अंगण खरंच वाकडं आहे, आणि ते सरळ करणं एकट्या नाचणाऱ्याच्या हातात नाही.

आधी जुन्या शंकांचं बघू. आजच्या बऱ्याच गाड्या एका चार्जमध्ये २०० ते ३०० मैल जातात. थंडीत हा आकडा खाली येतो हे खरं, पण लंडन ते लेस्टर हे अंतर १०० मैलांच्या आसपासच आहे. बॅटरीवर बहुतेक कंपन्या ८ वर्षांची किंवा १,००,००० मैलांची हमी देतात. नव्या गाडीची किंमत अजून चढी आहे. पण जुलै २०२५ पासून ३७,००० पौंडांपर्यंतच्या ठरावीक गाड्यांवर १,५०० किंवा ३,७५० पौंडांची सरकारी सूट मिळू लागली आहे, आणि सेकंडहँड गाड्यांचे भावही बरेच उतरले आहेत.

तरीही २०२४ मध्ये या देशात नोंदल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी १९.६ टक्केच पूर्णपणे इलेक्ट्रिक होत्या. कंपन्यांना कायद्याने दिलेलं उद्दिष्ट २२ टक्क्यांचं होतं, आणि २०३० साली ते ८० टक्के होणार आहे. शिवाय या १९.६ टक्क्यांतही मोठा वाटा कंपन्यांमार्फत घेतलेल्या गाड्यांचा. नोकरीच्या ठिकाणी पगारातून कापून गाडी घेतली की कर वाचतो, म्हणून आपल्या आयटीतल्या आणि एनएचएसमधल्या अनेकांनी ती घेतली. स्वतःच्या खिशातून नवी गाडी घेणाऱ्यांमध्ये इलेक्ट्रिक निवडणारा दहांत सुमारे एक.

असं का? हिशोब मांडून पाहू. वर्षाला ८,००० मैल गाडी चालते आणि एका युनिटमध्ये साडेतीन मैल जाते, असं धरू. घरी रात्रीच्या खास दराने, युनिटला साडेसात पेन्स पडले, तर वर्षाचा खर्च सुमारे १७० पौंड. तीच गाडी रस्त्यावरच्या जलद चार्जरवर ७५ पेन्स दराने भरली, तर सुमारे १,७०० पौंड. गॅलनला ४० मैल देणारी पेट्रोलची गाडी, लिटरला १.३५ पौंड धरून, सुमारे १,२३० पौंडांत वर्ष काढते. म्हणजे ड्राइव्हवे असलेल्याला इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलच्या सातव्या हिश्शात पडते, आणि जलद चार्जरवर अवलंबून असलेल्याला पेट्रोलपेक्षा महाग. त्याने कोणत्या तोंडाने ती घ्यावी?

त्यात कराची गंमत पाहा. घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के, सार्वजनिक चार्जरच्या विजेवर २० टक्के. वरच्या १,७०० पौंडांत २८० पौंडांहून अधिक नुसता व्हॅट आहे. वीज तीच, गाडी तीच, फरक फक्त ती कुठे उभी आहे याचा. देशातल्या सुमारे एक तृतीयांश घरांना स्वतःच्या जागेत गाडी लावायची सोय नाही. टेरेसमध्ये, फ्लॅटमध्ये, भाड्याच्या घरात राहणारे हे लोक. ज्याच्याकडे कमी, त्याच्याकडूनच जास्त, असा हा उफराटा न्याय आहे.

आपल्या समाजात ही रेघ चक्क घराघरातून जाते. पहिल्या पिढीने हॅरो, हाउन्स्लो, स्लावमध्ये काटकसर करून सेमी घेतली, पुढे दोन गाड्यांची जागा. मुलं मात्र फ्लॅटमध्ये, बरीचशी भाड्याने. हवामानाची तळमळ मुलांकडे आणि ड्राइव्हवे आईवडिलांकडे! रविवारी आईच्या हातचं जेवायचं आणि जाताना गाडीही भरून न्यायची, असं काही घरांत सुरूही झालं आहे.

माझ्या मुलीचा रेडिंगला फ्लॅट आहे, खाली तिची स्वतःची पार्किंगची जागा आहे. फ्लॅटवाल्यांसाठी २०२५ मध्ये चार्जरचं ३५० पौंडांपर्यंतचं अनुदानही होतं. पण लीजहोल्ड असल्यामुळे परवानगी हवी. नऊ महिने ईमेल करून झाल्यावर इमारतीच्या व्यवस्थापकांकडून उत्तर आलं: नाही. इंग्लंडमध्ये जून २०२२ नंतरच्या नियमांप्रमाणे पार्किंग असलेल्या नव्या घरांना चार्जर द्यावाच लागतो. तिची इमारत त्याआधीची. फ्रान्समध्ये अशा रहिवाशाला प्लगचा कायदेशीर हक्क आहे. इथे फक्त विनंती करता येते.

यावर कोणी म्हणेल, ड्राइव्हवे नाही तर बसने जा की! मध्य लंडनमध्ये हे चालेल. स्विंडनला रात्रपाळी संपवून पहाटे घरी निघालेल्या नर्सला हे सांगून पाहा.

मग करायचं काय? पहिलं, सार्वजनिक चार्जिंगवरचा व्हॅटही ५ टक्केच हवा. सरकारचं उत्पन्न थोडं घटेल, पण त्यासाठी फक्त बिनअंगणाच्यांना पिळणं योग्य नाही. दुसरं, लीजहोल्ड फ्लॅटवाल्यांना चार्जर बसवण्याचा हक्क हवा. नकार द्यायचा तर सबळ कारण दाखवणं बंधनकारक असावं. या दोन्हींसाठी आपापल्या खासदाराला लिहावं. तिसरं काम कौन्सिलचं. वेस्टमिन्स्टरच्या सदरलँड अव्हेन्यूवर २०२० मध्येच दिव्यांच्या खांबांत चार्जर बसले. काही कौन्सिल फुटपाथमध्ये अरुंद पन्हळ बसवून घरातली केबल गाडीपर्यंत न्यायला परवानगी देतात. मग रस्त्यावरच्या गाडीलाही घरचाच दर लागतो. रस्त्याकडेच्या चार्जिंगसाठी इंग्लंडमधल्या कौन्सिलना ३८१ दशलक्ष पौंडांचा निधी ठरलेला आहे. आपल्या कौन्सिलने त्याचं काय केलं, हे कौन्सिलरला विचारायला एक ईमेल पुरतो.

आणि चौथं काम आपलं. ज्येष्ठांना 'पीपी नंबर' आठवत असेल. तरुणांसाठी सांगतो: भारतात फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, तेव्हा लोक शेजाऱ्याचा नंबर आपला म्हणून देत. त्यावर निरोप येत, नोकरीचे कॉल येत, लग्नंही ठरत. शेजारचे काका गॅलरीतून हाक मारत. त्या चाळी-वाड्यांतून आलेल्या आपल्यापैकी कित्येकांच्या ड्राइव्हवेवरचा चार्जर आज दिवसाचे बरेच तास रिकामा असतो.

मंडळाने चार्जर असलेल्या आणि तो वाटून घ्यायला तयार असलेल्या सभासदांची यादी करावी. विजेच्या खर्चापुरते पैसे घ्यावेत, वेळ आधी ठरवावी. यामुळे देशाचा प्रश्न सुटणार नाही. त्यासाठी कायदा आणि कर बदलायलाच हवेत. पण आपल्या चार-दोन मुलांना गाडीचा निर्णय घेता येईल. यादीत पहिलं नाव माझं लिहा. येणाऱ्याला चहा मिळेल, आणि दिवाळीत आलात तर चकलीही.