वतनाच्या जमिनीचा हिशेब

आफ्रिका खंडातील उदयोन्मुख राष्ट्रांविषयी आज विद्यापीठांतून पुष्कळ संशोधन चालू आहे. सत्ता कोणाच्या हाती एकवटते, राज्यकारभार कोणासाठी राबतो आणि विकासाचे फळ कोणाच्या पदरात पडते, हे त्या संशोधनाचे विषय होत. अहिल्यानगर जिल्ह्यातील बौद्ध वाचकाने या दूरदेशीच्या विद्येची वास्तपुस्त का करावी, असे आपण विचाराल. त्याचे कारण असे की, दक्षिण आफ्रिकेत जो प्रश्न कायद्याने आरंभीच विचारला, तो आपल्याकडील विकासाच्या चर्चेत क्वचितच कानी पडतो. तो प्रश्न म्हणजे, ही जमीन पूर्वी कोणाची होती आणि ती त्याच्या हातून कशी गेली?

तेथे 1913 साली गोऱ्या सरकारने कायदा करून बहुसंख्य कृष्णवर्णीयांस देशातील सुमारे सात टक्के भूमीत कोंडले. 1936 मध्ये ही मर्यादा तेरा टक्क्यांच्या आसपास नेली. वर्णद्वेषी राजवट संपताच, 1994 साली, भूमी परत देण्याचा कायदा झाला आणि 1996 च्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात तो हक्क कोरला गेला. 19 जून 1913 नंतर वर्णभेदी कायद्यामुळे ज्याची जमीन गेली, त्याने दावा सांगावा. दाव्यांची मुदत 31 डिसेंबर 1998 पर्यंत होती. 1995 साली वेस्टर्न केप विद्यापीठात भूमिविषयक संशोधनाचे स्वतंत्र केंद्रही निघाले. यातून तेथे रामराज्य अवतरले, असे मी म्हणत नाही. निकाल रखडले, अनेकांनी जमिनीऐवजी रोख रक्कम पत्करली. 2014 साली दाव्यांचे दार पुन्हा उघडणारा कायदा झाला, तोही जनतेचे म्हणणे पुरेसे ऐकून घेतले नाही म्हणून तेथील घटना न्यायालयाने 2016 साली रद्द ठरविला. परंतु त्या देशात विकासाचा अभ्यास करू पाहणाऱ्यास या दाव्यांकडे डोळेझाक करून पुढे जाता येत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव हे गाव साखरेमुळे ख्यातनाम झाले. त्याच हरेगावी डिसेंबर 1939 मध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर वतनदार महार-मांगांच्या परिषदेस आले होते. वतनी जमिनीवरील वाढीव जुडीचा प्रश्न त्या वेळी ऐरणीवर होता. वतन म्हणजे काय, हे या पत्राच्या वाचकास सांगावयास नको. हाडकी-हाडोळ्याच्या तुकड्यापायी अख्ख्या जातीने रात्रंदिवस सरकारची व गावाची सेवा करावयाची, असा तो करार होता, आणि तोही एकतर्फी. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्याचा रोख आजही ध्यानी घेण्यासारखा आहे. सेवेतून मुक्तता व्हावी, पण पूर्ण आकार भरून जमीन मात्र वतनदाराकडेच राहावी, असा तो रोख होता.

आपल्यातीलच काही सुशिक्षित म्हणतात की, वतन ही गुलामगिरीची खूण, ती आपण 1956 साली धर्मांतराबरोबर टाकली, मग तिची जमीन आता कशाला उकरावी? हा युक्तिवाद मला मान्य नाही. आपण टाकली ती येसकरी, मेलेली ढोरे ओढणे टाकले, गावकीचा अपमान टाकला. पिढ्यान् पिढ्यांच्या फुकट श्रमांनी जिची किंमत चुकती केली, ती जमीन टाकण्याचे कारणच काय? दादासाहेब गायकवाडांनी धर्मांतरानंतरच, 1959 साली व पुन्हा 1964 च्या डिसेंबरात, भूमिहीनांचे सत्याग्रह केले, याचा विसर पडू नये.

1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली. कब्जेहक्काची रक्कम भरली तर जमीन जुन्या धारकास पुन्हा मिळावयाची, परंतु नव्या शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून तिचे हस्तांतर करता येत नाही. ही अट संरक्षणासाठी होती. प्रत्यक्षात अनुभव असा येतो की, रक्कम भरण्याइतके पैसे हाती नसलेला धारक मागे पडतो आणि साध्या कागदावरील व्यवहारात जमीन दुसऱ्याच्या नांगराखाली जाते. पक्षकार माझ्याकडे येतो तेव्हा बहुधा सोबत घडी घालून झिजलेला एकच उतारा असतो, आणि त्यावर आजोबांच्या नावाला कंस पडलेला असतो. कंस कोणत्या फेरफाराने पडला, परवानगी होती की नव्हती, हे घरात कोणासच ठाऊक नसते.

याच हरेगावचा दुसराही इतिहास आहे. साखर कंपनीने शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनी 1961 च्या कमाल धारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकरी शेतकरी दशकानुदशके झगडले आणि 2012 पासून त्यांस जमिनी परत मिळू लागल्या. त्यांच्या विजयाचा मला मत्सर नाही, उलट तो आपल्या कामाचा दाखला आहे. जुनी मालकी शोधता येते, जमीन परत देता येते, हे या राज्याच्या शासनाने स्वतःच सिद्ध केले. मग वतनी जमिनीचीच नोंद धुक्यात का?

अभ्यासकांनीही आपले मोजमाप तपासावे. कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्यावर प्रा. बा. स. बाविस्कर यांचा ग्रंथ 1980 साली प्रसिद्ध झाला, त्याचे नावच विकासाचे राजकारण असे आहे. जिल्ह्याच्या सत्तेचे मर्म सहकारात आहे, हे त्यांनी नेमके हेरले. पण सहकाराचा उत्पादक सभासद व्हावयास ऊस लागतो, उसास पाणी व जमीन लागते. ज्याची जमीन अगोदरच गेली, तो या राजकारणात मतदार म्हणूनही उभा राहत नाही, आणि पाथर्डी-शेवगावकडून कोयता घेऊन तो येतो तेव्हा त्याची गणना केवळ मजुरांत होते.

माझी मागणी मोठी नाही. जिल्हा प्रशासनाने गाववार यादी प्रसिद्ध करावी. महार वतनाची, म्हणजे इनाम वर्ग सहा ब ची, एकूण जमीन किती, फेरदान कोणास व कधी झाले, हस्तांतर किती, आणि त्यांपैकी परवानगीचे किती, एवढेच तीत असावे. तोवर आपण स्वस्थ बसू नये. आपल्या गावच्या वतनी गटाचा सातबारा काढा, ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा, तेथे नमूद असलेल्या प्रत्येक फेरफाराची नक्कल तहसील कचेरीतून मागवा, आणि 1958 पूर्वीचा कागद घरातील पेटीत असेल तर तो मूळ स्वरूपात कोणाच्याही हवाली करू नका.